मागें फिरण्याची खूण



गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत आपल्या गायकवृंदाचें एक गीत शेवटीं फसलें, हें पुष्कळांस स्मरत असेल. शेवटची ओळ संपतांच अर्धीं मुलें थांबलीं आणि अर्धीं पुन्हां आरंभापासून गाऊं लागलीं. जीं थांबलीं तीं खालच्या वर्गांतील होतीं; साहजिकच दोष त्यांच्या माथीं आला. वस्तुतः तो माझा होता. त्या गीताची स्वरलिपि संगणकावर मीं उतरविली होती.

पाश्चात्य स्वरलिपींत जो भाग पुन्हां गावयाचा, तो पुन्हां लिहीत नाहींत. दुहेरी उभ्या रेघेशीं दोन टिंबें दिलीं कीं, तेवढा भाग परत गावा. दोन्ही फेऱ्यांचे शेवट निराळे असले, तर त्यांवर १ व २ असे आंकडे घालितात. ‘दा कापो’ म्हणजे आरंभापासून, ‘दाल सेन्यो’ म्हणजे खुणेपासून, आणि ‘फीने’ म्हणजे येथें समाप्ति. ही युक्ति आपणांस परकी नाहीं. आपल्या अभंगांच्या पुस्तकांतही ध्रुवपद एकदांच छापलेलें असतें. प्रत्येक कडव्यानंतर त्यावर परत यावयाचें, हें गाणारा जाणतो.

माझी चूक ती काय? म्यूझस्कोर ह्या सॉफ्टवेअरमध्यें अशा आज्ञांसाठीं स्वतंत्र चिन्हें असतात. तीं न घेतां मीं ‘दा कापो आल फीने’ हे शब्द साध्या अक्षरांत लिहिले. कागदावर ते तंतोतंत शोभले. परंतु यंत्राच्या दृष्टीनें ती आज्ञा नव्हतीच, नुसतीं अक्षरें होतीं. त्यानें गीत एकदां वाजविलें आणि तें थांबलें. मोठ्या मुलांनीं कागद वाचला; लहानांना तालमीसाठीं मीं यंत्राचें वादन दिलें होतें. म्हणजे लहान मुलें जें शिकलीं तेंच गाइलीं. तें वादन मीं शेवटपर्यंत एकदांही ऐकलें नव्हतें.

अशी चूक संगणकापूर्वींही होत असे. बेथोव्हनच्या पांचव्या सिंफनीच्या वाद्यवृंदासाठीं छापील प्रती लाइपझिग येथें १८०९ सालीं निघाल्या. तिसऱ्या भागांतील एक मोठी पुनरावृत्ति रद्द झाली होती; तथापि पहिल्या फेरीच्या शेवटाचीं दोन मापें आणि दुसरीच्या शेवटाचीं दोन, अशीं चारही एकापुढें एक छापलीं गेलीं. १८१० च्या ऑगस्टमध्यें बेथोव्हननें स्वतः प्रकाशकांस पत्र लिहून हीं जादा मापें दाखवून दिलीं. तरी १८४६ सालीं मेंडेल्सझोननें तो प्रश्न पुढें आणीपर्यंत तीं तशींच वाजत राहिलीं.

कित्येक म्हणतात, ‘ह्या उड्या हव्यात कशाला? सर्व गीत सरळ सविस्तर लिहून काढावें; संगणकाला कष्ट थोडेच पडतात!’ अगदीं नवशिक्यांसाठीं, किंवा प्रत्येक फेरीला शब्द नि स्वर दोन्ही बदलत असतील तेथें, मला हें मान्य आहे. परंतु सरसकट तसें करणें हितावह नाहीं. दोन पानांचें गीत पांच पानांचें होतें. एक स्वर सुधारावयाचा तर तो तीन ठिकाणीं सुधारावा लागतो, आणि एक ठिकाण हटकून राहून जातें. शिवाय कोणता भाग नवा नि कोणता परतून आलेला, हें गाणाऱ्यास दिसेनासें होतें. आणि गीताची रचना कळण्यास तेंच तर दिसावयास हवें.

उलट, सर्व भार यंत्रावर टाकणेंही योग्य नव्हे. आरंभाकडे परतल्यावर आंतील लहान पुनरावृत्ति पुन्हां घ्यावयाच्या कीं नाहीं, हें प्रत्येक गीतांत ठरवावें लागतें. जुन्या मिन्युएटमध्यें पुष्कळ वादक त्या गाळतात, कांहीं घेतात. म्यूझस्कोरमध्यें ह्यासाठीं निराळी खूण करावी लागते. ती न केल्यास यंत्र त्या गाळतें. येथें निर्णय मनुष्यानेंच घ्यावयाचा असतो.

म्हणून माझें मत असें कीं, प्रथम बोट ठेवून कागदावरील वाट चालावी. मग कागद समोर धरून यंत्राचें वादन अखेरपर्यंत ऐकावें. आणि डोळा व कान जेथें वेगळे होतील तेथें थांबून चूक शोधावी. हें काम प्रत लिहिणाऱ्याचें आहे, गाणाऱ्या लहान मुलांचें नव्हे.

यंदाच्या गीताची प्रतही मींच लिहिली आहे. ह्या वेळीं ती वाटण्यापूर्वीं दोनदां ऐकली. ज्या बालमित्रांना गतवर्षीं सर्वांसमक्ष खालीं मान घालावी लागली, त्यांची ह्या पानावरून मनःपूर्वक क्षमा मागतों. त्यांच्या पालकांनींही हें वाचावें, अशी विनंति आहे.