अंदाज आधी, उत्तर नंतर

कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून निकालात राज्यात आघाडीवर आहे. मुरुड-दापोलीतल्या पालकांना त्याचा अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. पण सायन्सला गेलेल्या मुलाला आपल्याला काय येते आणि कुठे अडते, हे स्वतःला सांगता येते का, ते निकालपत्रावरून कळत नाही.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचवलेल्या समग्र प्रगतिपुस्तकात स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र ‘मला माहिती पडताळता येते’ अशा विधानापुढे खूण करणे फार सोपे, आणि आपली स्वतःबद्दलची समजूत अनेकदा चुकते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर काहींनी एकाच सत्रात वाचून नंतर तो आठवून लिहिण्याचा सराव केला. जास्त खात्री वाचणाऱ्यांना होती. आठवड्यानंतर त्यांना सुमारे 40 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के.

म्हणून अंदाज आधी वहीत लिहायला हवा, किती खात्री आहे तेही लिहायला हवे, आणि मग तपासायला हवे. मुरुडला यासाठी समुद्रच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता. विद्यार्थ्याने पंधरवडाभर या हिशेबाने वेळ मांडावी, किनाऱ्यावर जाऊन पाहावी आणि भरतीच्या छापील तक्त्याशी ताडावी. पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो, भरती मात्र बाराच्या सुमारास येते. पंधरा तिथींत बारा तास, म्हणजे तिथीला 48 मिनिटे; पाऊणपटीत 45च धरली जातात. ही तीन मिनिटे ज्याने स्वतः शोधली, त्याला निरीक्षण, नोंद आणि शंका यांतले आपल्याला काय जमते ते नेमके सांगता येईल. मोबाइलवर उत्तर शोधणाऱ्यानेही आधी स्वतःचा अंदाज लिहावा, एवढीच अट.

गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे याच मुरुडचे; 1899चे सीनियर रँग्लर रघुनाथ परांजपे शेजारच्या मुर्डीचे. या परिसराला पडताळ्याची शिस्त परकी नाही.

शाळा-कॉलेजांनी प्रात्यक्षिकाच्या तासातली दहा मिनिटे अंदाजांच्या या वहीला द्यावीत. तिला गुण मात्र देऊ नयेत. गुण आले की चुकलेला अंदाज खोडून बरोबर उत्तर लिहिले जाईल, आणि शिक्षकाला नेमके जे पाहायचे आहे तेच वहीतून नाहीसे होईल.