जगाशी बोलायचं कुठल्या भाषेत?

आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांचं वैद्यकीचं शिक्षण इंग्रजीतलं; पण उत्तर चीनच्या खेड्यातल्या जखमी सैनिकाला ‘कुठं दुखतंय?’ हे इंग्रजीत विचारून काय उपयोग? ते चिनी शिकले, बोलायला आणि लिहायलाही. पुढे विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली तीही चिनीतूनच. १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी ते गेले. चीन त्यांना आजही ‘के दिहुआ’ म्हणून ओळखतो.

इंग्रजी साऱ्या जगाची भाषा होऊ शकते का, हा या अंकाचा विषय. तो आज निकडीचा वाटतो, कारण घरोघरी मुलांच्या शाळेचा निर्णय ‘होऊ शकते’ असं गृहीत धरूनच होतो. इंग्रजीचं मोल आम्ही मुळीच नाकारत नाही. सोलापुरी टॉवेलची परदेशी ऑर्डर तिच्याविना अडते. पण तोच टॉवेल मागावर विणला जातो तेव्हा कारखान्यात तेलुगू, मराठी, कन्नड, दखनी असं सगळं कानावर पडतं. घरी तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड बोलणारी माणसं शहराच्या पूर्व भागात सहज भेटतात. समोरचा माणूस पाहून भाषा निवडण्याचं हे शहाणपण आम्हाला फार मोलाचं वाटतं. म्हणून इंग्रजी हवी की नको, या वादात न शिरता ती कुठे कामी येते आणि कुठे थिटी पडते, याचा शोध या अंकात घेतला आहे.

तुमच्या घरात, दुकानात, कारखान्यात कुठली भाषा कशाला लागते, ते आम्हाला सविस्तर कळवा. नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांनी तर आवर्जून लिहावं. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.