धनंजय माने आता कुठे राहतात?

‘अशी ही बनवाबनवी’चा रिमेक येणार, अशी आवई अधूनमधून उठते. मग धनंजय माने कोण होणार, पार्वतीची साडी कोण नेसणार यावर कट्ट्यांवर आणि मोबाइलवर खडाजंगी होते. शेवटी बहुतेकांचे एकमत ठरलेले: हात लावायचा नाही! त्यातले लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघेही २००४ साली गेले. त्यामुळे या नकारात थोडी माया आहे आणि थोडी हळहळही.

पण ज्याला हात लावू नये म्हणतात, तो १९८८चा चित्रपट स्वतःच उसन्या कथेवर उभा आहे. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ १९६६ साली आला होता, आणि त्याचे मूळ बंगालीतल्या ‘जय मा काली बोर्डिंग’मध्ये होते. महेश कोठारे यांच्या ‘धूमधडाका’चीही (१९८५) तीच कुळकथा. श्रीधर यांचा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ १९६४चा. त्यांनीच दोन वर्षांनी त्याचा हिंदी ‘प्यार किये जा’ केला आणि तिथून तो मराठीत आला. सिनेमा काढायच्या नादाला लागलेला मुलगा बापाला भुताची गोष्ट सांगून घाम फोडतो, तो प्रसंग हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी गाजवला. मराठीत समोरासमोर बसले ते लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर. तळवलकरांचा घाबरलेला चेहरा पाहताना मद्रासची आठवण कोणाला आली असेल?

मग उसने घेतलेले आपले कधी होते? ‘बनवाबनवी’पुरते बोलायचे, तर वसंत सबनीसांनी लेखणी हातात घेतली तेव्हा. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा हा लेखक लोकनाट्यात मुरलेला होता. सवाल पडायच्या आत जवाब तयार ठेवायची ती सवय संवादांत उतरली. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर यांच्याकडे ते संवाद झेलणारे नटही तसेच होते. घरमालकाने इस्रायलच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये बुडवताना धनंजय माने झालेल्या अशोक सराफ यांचा चेहरा जो शांत राहतो, तसा तो ठेवणे म्हणजे निम्मा चित्रपट. (उरलेला निम्मा सुधीर जोशींच्या त्या घरमालकाचा, सरपोतदारांचा, असे कोणी म्हणाले तर वाद घालायला नको.)

आणि ते डोहाळजेवण. साडी नेसलेल्या पुरुषाच्या खोट्या गरोदरपणासाठी रचलेले ते गाणे आज खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणांत लावले जाते, आणि झोपाळ्यावर बसलेल्या लेकीबाळींना त्यात वावगे काही वाटत नाही. रिमेक भाषेत मुरला, याहून मोठा पुरावा कोणता द्यायचा?

या सगळ्या बनवाबनवीच्या तळाशी मात्र एक साधी अडचण आहे: पुण्यात राहायला जागा नाही आणि एकट्या पुरुषाला कोणी खोली देत नाही, म्हणून दोन मित्र साडी नेसून उरलेल्या दोघांच्या बायका बनतात. २००९ साली ‘पेइंग गेस्ट्स’ नावाच्या हिंदी चित्रपटाने हीच कल्पना बँकॉकला नेली. साड्या गेल्या नाहीत, श्रेयस तळपदेही होता, पण जागेसाठीची तगमग पडद्यावर कुठे जाणवली नाही. पोटात गोळा नसला की वेषांतर हे नुसते वेषांतर उरते.

सई परांजपे यांच्या ‘चश्मे बद्दूर’ची गोष्ट याहून बोलकी आहे. १९८१चा तो चित्रपट सुरू होतो एका सिगारेटवर, आणि तीही तिघांत मिळून ओढलेली. लल्लन मियाँच्या पानाच्या टपरीवरची उधारी, दिल्लीची रिकामी दुपार, दारोदार चमको पावडर विकणारी दीप्ती नवल. खिशातली चणचण हाच तिथला विनोदाचा झरा. २०१३ साली डेव्हिड धवन यांनी तो गोव्याला नेला, टपरीच्या जागी ऋषी कपूरचा बार आला आणि विनोद शाब्दिक कोट्या, यमके आणि धावपळीवर गेला. ५ एप्रिलला हा नवा चित्रपट लागला आणि त्याच दिवशी जुन्याची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा चित्रपटगृहांत आली. सईबाईंनी आपली नाराजी लपवली नाही. गल्ल्यावर सरशी अर्थातच नव्याची झाली. पण फारुख शेख आणि दीप्ती नवल यांच्यातला तो संकोच नव्या पडद्यावर शोधूनही सापडत नाही.

म्हणून ‘हात लावू नका’ ही ओरड या संपादकीयाला मान्य नाही. हात जरूर लावावा, पण अडचण आजची शोधावी. ‘बॅचलरना जागा नाही’ हे आजही ऐकू येते, त्यामुळे कथेचा पाया शाबूत आहे. बदलली आहे ती थाप मारायची सोय. भाडेकराराला आता आधार लागते, अंगठ्याचा ठसा लागतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते. साडीतल्या सुधा आणि पार्वती घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या दारापर्यंत पोहोचतील, पण करारावर सही कोण करणार? बाई आधी फोनवर दोघींचे फोटो शोधतील. या कुलपाला जो लेखक नवी किल्ली बनवेल, त्याचा रिमेक पाहायला पहिल्या दिवशी जावे. नुसते जुने संवाद नव्या तोंडी घालणार असतील, तर जुना चित्रपट घरात आहेच. पुरुषाने साडी नेसली एवढ्यावरच हसायचे दिवसही आता सरत आले आहेत. तेव्हा नव्या लेखकाला हसू दुसरीकडून काढावे लागेल, आणि ते बरेच आहे.

निर्मात्यांनी तेवढा क्रम उलटा करावा. आधी नायक-नायिकांची छायाचित्रे, मग मुहूर्ताचा नारळ आणि सर्वांत शेवटी लेखक, असे न करता सबनीसांच्या तोडीचा माणूस आधी शोधावा.

वाचकांना एक विनंती. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन ‘बनवाबनवी’ या दिवाळीतही लागेलच. तो लावण्याआधी एका दुपारी ‘बीवी और मकान’ पाहावा, आणि तुमचे माने आज कोणत्या शहरात, कोणत्या मालकाला काय थाप मारून राहिले असते, ते आम्हाला पत्राने कळवावे.