बापाच्या घड्याळाला भंगाराचा भाव नको

गावात भंगारवाला आला की आपण काय काय बाहेर काढतो? तुटका पत्रा, गळका पिंप, बंद पडलेला मोबाईल, नाहीतर केसांचा पुंजका. अलीकडे फिरत्या व्यापाऱ्यांच्या आरोळीत एक शब्द वाढला आहे, 'जुनं घड्याळ'. चालू असो, बंद असो, काच फुटलेली असो, तो घेतो. आपणही ट्रंकेच्या तळातलं, कापडात गुंडाळलेलं वडिलांचं नाहीतर आजोबांचं घड्याळ त्याच्या हातावर ठेवतो आणि एखादं पातेलं किंवा चहापाण्यापुरत्या नोटा घेऊन मोकळे होतो. मंडळी, हा व्यवहार बरोबर नाही. ते घड्याळ भंगार नाही. ते कुणाला द्यायचं, कितीला द्यायचं आणि मुळात द्यायचं की नाही, याचा विचार घरात बसून झाला पाहिजे. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या घाईने तो होऊ नये.

तो माणूस घड्याळ वितळवायला नेत नाही. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी किल्लीच्या जुन्या घड्याळांना गिऱ्हाईक आहे. शहरात आणि परदेशातही ही घड्याळं जमवणारे हौशी लोक आहेत. एकाला देवनागरी आकड्यांची तबकडी हवी असते, दुसऱ्याला काळ्या तबकडीचं 'पायलट' हवं असतं. कुणाला गरज असते ती फक्त आतल्या सुट्या भागांची. माल आपल्या ट्रंकेतला आणि भाव मात्र दुसऱ्याला ठाऊक, ही आपली जुनीच गत आहे. कांद्यात तीच, कापसात तीच आणि आता घड्याळातही तीच.

हे घड्याळ आलं कुठून?

आपल्या भागात मनगटी घड्याळ आलं ते मुख्यतः तीन वाटांनी. पलटणीतून सुटीवर आलेल्या शिपायाच्या हातावर, मुंबईच्या गिरणीतून गावी आलेल्या कामगाराच्या हातावर आणि शाळेतल्या गुरुजींच्या हातावर. त्या काळची घड्याळं परदेशी बनावटीची होती. 'वेस्ट एंड वॉच कंपनी'ने १८८६ साली मुंबईत बस्तान बसवलं. तिचं 'सोवार प्रायमा' पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेतल्या जवानांच्या हातावर होतं. 'फेवर ल्युबा' ही स्विस कंपनी तर १८६५ पासून हिंदुस्थानच्या बाजारात होती. तिची 'सी किंग', 'सी चीफ' ही घड्याळं जुन्या लोकांना अजून आठवतात. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि चोरट्या मार्गाने येणारी घड्याळं वाढली.

मग सरकारी एचएमटी आली. १९५३ साली बंगळुरात यंत्रं बनवण्यासाठी निघालेल्या या कारखान्याने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने घड्याळं करायला सुरुवात केली. 'जनता', 'जवान', 'पायलट', 'कोहिनूर', 'सोना', 'कांचन' आणि बायकांसाठी 'सुजाता'. नावं बघा, एकही परकं वाटत नाही. अंधांसाठी ब्रेलची घड्याळंही याच कारखान्याने काढली. 'जनता' म्हणजे रोज किल्ली द्यायचं सतरा ज्वेलचं घड्याळ. ज्वेल म्हणजे दागिना नव्हे. चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले ते कृत्रिम माणकाचे बारीक खडे असतात. बैलगाडीच्या आखाला आपण वंगण लावतो ना, त्याच कारणासाठी.

या घड्याळांना मानही होता. लग्नात 'रेडिओ, सायकल, घड्याळ' अशी मागणी व्हायची. 'कांचन'चं नाव तर हुंड्याच्या यादीत इतक्यांदा आलं की ते हुंड्याचं घड्याळ म्हणूनच ओळखलं गेलं. ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पण ज्या घड्याळासाठी एखाद्या बापाने सावकाराचं दार वाजवलं असेल, ते आज पातेल्यावर द्यावं का, एवढं तरी मनाला विचारा.

पुढे सेलची घड्याळं आली. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झ घड्याळांचा बाजार काबीज केला आणि किल्लीचं घड्याळ मागे पडलं. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. 'देशाची धडकन' म्हणून मिरवलेलं घड्याळ ट्रंकेत गेलं. जी आहेत त्यांचा आकडा आता घटतच जाणार, म्हणून तर शहरातला माणूस ती शोधत तुमच्या वेशीपर्यंत येतो.

विकायचं तर डोळे उघडून विका

कुणी म्हणेल, आम्हाला पैशाची नड आहे, बंद घड्याळ ठेवून काय करू? खरं आहे. नड असेल तर विकण्यात लाज नाही. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, घड्याळ विकण्याआधी बाजारच्या घड्याळजीकडून उघडून बघा. आतलं यंत्र त्याच कंपनीचं आहे का, गंज आहे का, चाकं शाबूत आहेत का, हे त्याला डोळ्याला भिंग लावलं की दोन मिनिटांत कळतं. एका ठिकाणी भाव ऐकून देऊ नका, निदान दोन-तीन ठिकाणी विचारा.

दुसरी गोष्ट, तबकडी रंगवून घेऊ नका. आपल्याला वाटतं चकचकीत केलं की जास्त पैसे येतील. इथे हिशेब उलटा आहे. डाग पडलेली पण मूळची तबकडी जाणकाराला जास्त मोलाची वाटते. जुन्या खोक्यात कुणाचं यंत्र, कुणाचे काटे घालून वर भडक रंगाची तबकडी चढवलेली घड्याळं पुष्कळ विकली जातात. हौशी मंडळींत त्यांना 'मुंबई स्पेशल' असंच नाव पडलंय. तुमचं अस्सल घड्याळ रंगवून नकलीच्या रांगेत बसवू नका. आणि तालुक्याच्या बाजारात कुणी 'आजोबांच्या काळचं' म्हणून नव्याकोऱ्या रंगाचं घड्याळ गळ्यात मारू लागला, तर अक्षरं फाटलेली आहेत का ते बघा.

तिसरी गोष्ट, पावती, खोकं, पट्टा, काही असेल ते जपा. घड्याळाचा सातबारा नसतो. कुणी, कधी, कुठे घेतलं याचा पुरावा म्हणजे तो कागदाचा तुकडाच.

ठेवायचं तर हातावर ठेवा

माझं मत विचाराल तर मात्र विकू नका आणि ट्रंकेतही ठेवू नका. दुरुस्त करून हातावर घाला. यंत्राचं तेल पडून पडून वाळतं, घट्ट होतं. तसंच बंद ठेवलेलं घड्याळ एकदम किल्ली देऊन पळवलं तर झीज होते. म्हणून आधी ते खोलून, धुऊन, तेलपाणी करून घ्या. नंतर रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी किल्ली द्या. किल्ली अडली की थांबा, जोर लावू नका. एका किल्लीत ते दिवसभर चालून वर काही तास उरतात. दिवसाला काही सेकंद, कधी अर्धा मिनिट पुढे-मागे होईल. त्याने काही बिघडत नाही, रोज किल्ली देतानाच मिळवून घ्या. घड्याळ अचानक फार पुढे पळू लागलं तर ते लाऊडस्पीकरसारख्या लोहचुंबकाजवळ राहिलं होतं का ते आठवा. चुंबकाने आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चिकटते. घड्याळजी ते मिनिटात काढून देतो.

पण हे घड्याळ रानात घालायचं नाही. ते ग्रामसभेला, लग्नाला, तालुक्याच्या कामाला. पाणी आणि धूळ हे त्याचे वैरी. रानात घालायला स्वस्त, दणकट, सेलचं घड्याळ बरं. कॅसिओचं 'एफ-९१ डब्ल्यू' हे प्लास्टिकचं आकड्यांचं घड्याळ १९८९ पासून निघतंय. वजन जेमतेम २१ ग्रॅम आणि एक सेल साधारण सात वर्षं जातो. नकली माल मात्र ढिगाने आहे. उजवीकडचं बटण तीनेक सेकंद दाबून धरा. अस्सल असेल तर पडद्यावर कंपनीचं नाव रोमन अक्षरांत उमटतं. दुकानातच दाबून बघा, घरी येऊन नव्हे.

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, फिरता पट्टा यांच्याजवळ जाताना हातातलं घड्याळ उतरवून ठेवा. पट्टा अडकला तर हातासकट ओढला जातो. ट्रॅक्टरची बॅटरी काढताना किंवा मोटारीच्या पेटीत हात घालताना धातूचा पट्टा तर अजिबात नको. बॅटरीच्या दोन टोकांना तो टेकला की क्षणात लालबुंद होतो. फवारणीच्या वेळी चामड्याचा पट्टा औषध शोषून घेतो आणि मग दिवसभर ते कातडीला लागून राहतं. काढलेला सेल लहान पोरांच्या हाती पडू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका जाळतो, ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

मोबाईल असताना घड्याळ कशाला?

हा प्रश्न तरुण पोरं विचारतात. बाबांनो, चिखलाच्या हाताने खिशातला मोबाईल काढून बघा म्हणजे कळेल. विहिरीची पाळी तासांवर वाटलेली असते. भावाभावांतली निम्मी भांडणं 'माझं पाणी अर्धा तास आधी तोडलं' यावरून होतात. कालव्याची शेजपाळी असो की रात्रीच्या विजेची वेळ, वेळेचा हिशेब मनगटावर असलेला बरा. शिवाय मोबाईल वेळ बघायला काढला की आत आणखी दहा गोष्टी दिसतात आणि पाणी शेजारच्या बांधावरून वाहून जातं. घड्याळ वेळ सांगतं आणि गप्प बसतं.

गावाने काय करावं?

घरोघरीची घड्याळं वाचवायची तर आधी घड्याळजी वाचला पाहिजे. आठवडे बाजारात काचेच्या छोट्या पेटीमागे बसणारा हा माणूस दिसेनासा होत चाललाय. पोरगा धंद्यात यायला तयार नाही. दुरुस्तीला येतो तो सेल बदलण्यापुरता. कारखाना बंद, त्यामुळे नवे सुटे भाग मिळण्याची वानवा. मग एका 'जनता'ला जीवदान द्यायचं तर दुसऱ्या मेलेल्या 'जनता'तूनच चाक काढावं लागतं. म्हणून दुरुस्त न होणारं घड्याळही भंगारात न देता त्याला द्या. तुमच्या घड्याळाच्या चाकावर दुसऱ्याच्या बापाचं घड्याळ चालेल.

सरपंच मंडळी, ग्रामसेवक भाऊसाहेब, तुम्हालाही सांगणं आहे. बाजारकराचा ठराव करताना अशा कारागिराला सूट द्या, सावलीची एक जागा नेमून द्या. त्यात ग्रामपंचायतीचं फारसं उत्पन्न बुडत नाही. गावातल्या एखाद्या बारीक हाताच्या पोराला वा पोरीला त्याच्याजवळ शिकायला बसवा. पोलीस पाटलांनी फिरत्या खरेदीदाराचं नाव-गाव विचारून ठेवावं. त्यात चोरीच्या मालालाही आळा बसेल. सत्काराला शाल-श्रीफळाचा ढीग होतोच. त्याऐवजी दहावीत पहिल्या आलेल्या पोराला आपल्याच घड्याळजीने दुरुस्त केलेलं एखादं घड्याळ द्या. ते पोरगं त्याला रोज किल्ली देईल.

हे सारं नॉस्टॅल्जियापोटी म्हणत नाही. जुनं ते सोनं, असंही माझं म्हणणं नाही. सगळीच जुनी घड्याळं मोलाची नसतात, काही खरंच निकामी झालेली असतात. पण निकामी कोणतं आणि मोलाचं कोणतं, हे ठरवण्याआधीच आपण हातातलं सोडतो, तिथे खोट आहे. जमिनीत तेच केलं, बियाण्यात तेच केलं. घरचं बी मोडून खाल्लं आणि दरवर्षी पिशवी विकत घेऊ लागलो.

तेव्हा येत्या बाजारी एवढं करा. ट्रंक उघडा, घड्याळ काढा, पुसा आणि किल्लीला जोर न लावता घड्याळजीपुढे ठेवा. तो काय सांगतो ते ऐका. मग विका, नाहीतर हातावर घाला, तुमची मर्जी. पण 'जुनं घड्याळ' अशी आरोळी पुन्हा गल्लीत आली, तर दोन मिनिटं त्याला उन्हात उभं राहू द्या आणि आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुणी आणि कशाच्या पैशांनी घेतलं होतं.