तळघराला दार हवं!

रात्री साडेअकराला दादाचा फोन. त्याच्याकडे ॲटलांटात दुपारचे दोन. "अगं, घर सापडलं! वॉकआउट बेसमेंट आहे!"

मी अर्धवट झोपेत. वॉकआउट म्हणजे माझ्या डोक्यात तरी मीटिंगमधून तडकाफडकी निघून जाणं. आणि बेसमेंट म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंग. मोबाइलची रेंज गायब, पावसाळ्यात पंप लावून पाणी उपसायचं आणि रोज कुणीतरी माझ्या स्कूटीचा आरसा वाकडा करून जायचं. त्यात आई-बाबांना ठेवणार? "दादा, तू शुद्धीवर आहेस ना?"

मामला असा होता. दोन घरं, किंमत साधारण सारखीच. एक सपाट प्लॉटवरचं, ३२०० स्क्वेअर फूट. दुसरं उतारावरचं, कागदावर २४०० स्क्वेअर फूट, 'अधिक बेसमेंट'. मी पुण्याची पोरगी, हिशेब तोंडपाठ. ८०० फूट सोडून देतोस? सपाट घे, विषय संप. वहिनी मागून ओरडली, "तू आधी फोटो बघ!"

फोटो बघितले आणि गप्प झाले. रस्त्यावरून बघितलं तर घर दोन मजली. मागच्या अंगणातून बघितलं तर तेच घर तीन मजली! फंडा सोपा आहे. प्लॉट रस्त्यापासून मागे उतरत जातो. खालच्या मजल्याची रस्त्याकडची भिंत मातीत गाडलेली, पण मागची बाजू पूर्ण मोकळी. तिथे पूर्ण उंचीच्या खिडक्या आणि सरकतं काचेचं दार. दार उघडलं की पाऊल थेट गवतावर. उतार कमी पडला तर नुसत्या खिडक्या मिळतात, दार नाही. त्याला तिकडे 'डेलाइट बेसमेंट' म्हणतात. आणि प्लॉट सपाट असेल तर तुम्ही कितीही पैसे ओता, वॉकआउट होत नाही.

अमेरिकेत बेसमेंटचं एवढं प्रस्थ का, हेही तेव्हाच कळलं. उत्तरेकडे हिवाळ्यात जमीन गोठते, मातीतलं पाणी फुगतं आणि घर उचललं जातं. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटात तो साडेतीन ते पाच फूट खोल न्यावा लागतो. एवढं खणतोच आहोत तर अजून थोडं खणू, अख्खा मजला मिळेल! जॉर्जियात जमीन तेवढी गोठत नाही. तिथे टेकड्या आहेत, लाल चिकणमातीचे चढउतार आहेत. म्हणून ॲटलांटाच्या उपनगरांत वॉकआउट भरपूर दिसतात.

आता गंमत ऐका. आपल्याकडे कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप असं करत करत बिल्डर आपल्याला जिन्याची आणि लिफ्टचीही जागा विकायचे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात रेरा आल्यावर कार्पेटवर बोलणं सुरू झालं. म्हणजे आपला सगळा अनुभव काय, तर कागदावर जास्त आणि पायाखाली कमी. वॉकआउटचं बरोब्बर उलटं! पायाखाली ११०० फूट आहेत, ऊन आहे, बाथरूम आहे, आणि कागदावर ते घराच्या मुख्य क्षेत्रफळात नाहीतच.

कारण फॅनी मे. बँकांनी दिलेली गृहकर्जं विकत घेणारी ही अवाढव्य कंपनी, त्यामुळे तिच्या नियमाला वजन. नियम असा, की मजल्याचा थोडासा भाग जरी जमिनीखाली असेल तर तो अख्खा मजला 'जमिनीखालचा'. फिनिशिंग कितीही चकाचक असो, खिडक्या कितीही मोठ्या असोत. बँकेचा व्हॅल्युअर तो वेगळ्या ओळीत लिहितो. भाव लावतो, पण सहसा वरच्या मजल्यापेक्षा कमी. म्हणूनच तिथल्या नव्या खरेदीदाराची पंचाईत होते. खालच्या फुटांनाही वरचाच दर धरून ऑफर द्यायची, मग व्हॅल्यूएशन कमी यायचं आणि मधला फरक खिशातून भरायचा. दादाने हे आधी विचारून घेतलं होतं, म्हणून वाचला.

आणि फेमा? आपली फॉरेन एक्सचेंजवाली नव्हे, तिकडची आपत्ती व्यवस्थापनवाली. तिच्या पूरविम्याच्या व्याख्येत बेसमेंट म्हणजे ज्याची जमीन चारही बाजूंनी पातळीखाली आहे ते. म्हणजे सपाट बाहेर पडता येणारं वॉकआउट इथे बेसमेंटच नाही! दाराबाहेर पायऱ्या चढून वर यावं लागलं, तर मात्र ते बेसमेंट. एकच खोली, कर्जाच्या फाइलमध्ये तळघर आणि विम्याच्या फाइलमध्ये नाही.

हसू नका, ही व्याख्या उगाच नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री 'आयडा' वादळाचा उरलेला पाऊस न्यूयॉर्कवर कोसळला आणि तळघरातल्या घरांमध्ये ११ माणसं बुडून मेली. पाणी आत येत होतं आणि बाहेर पडायला धड वाट नव्हती. हे वाचल्यापासून तळघर म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो. बाहेर कुठून पडायचं?

दादाच्या घरातही हाच प्रश्न उभा राहिला. जाहिरातीत लिहिलं होतं, खाली एक बेडरूम. ती खोली मस्त होती, बाथरूम लागूनच, आई-बाबांसाठी एकदम परफेक्ट. फक्त ती मातीकडच्या बाजूला होती. खिडकीच नाही! वहिनीने घराची तपासणी करणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ही बेडरूम धरताच येणार नाही. तिथल्या बांधकाम संहितेप्रमाणे झोपायच्या प्रत्येक खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं. नव्या कामासाठी माप ठरलेलं आहे. साधारण ५.७ चौरस फुटांची मोकळी जागा, खिडकीची चौकट जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. हॉलला काचेचं दार आहे म्हणून आतल्या खोलीला माफी नाही. आग हॉलमध्येच लागली तर?

विकणाऱ्याने "आमचे पाहुणे तिथेच झोपायचे" म्हणून बघितलं. वहिनी ढिम्म. शेवटी किंमत थोडी खाली आली. आता त्या खोलीत प्रोजेक्टर आहे आणि आई-बाबांची खोली बागेकडे. बाथरूमला चार पावलं जास्त चालावं लागतं, चालतंय.

बाकी तपासण्या झाल्याच. मातीकडच्या भिंतीला ओल आहे का, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब जातं का. वॉकआउटचा इथे एक फायदा आहे. पायाभोवतीच्या पाइपमधलं पाणी उतारानेच बाहेर काढता येतं, त्यामुळे पुष्कळदा पंप लागत नाही. आणि रेडॉन! जमिनीतून झिरपणारा, वास-रंग नसलेला किरणोत्सारी वायू. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण हाच. ॲटलांटाच्या आजूबाजूला ग्रॅनाइट आहे, तेव्हा टेस्ट करायचीच. आकडा ४ पिकोक्युरी किंवा वर आला तर पाइप आणि पंखा बसवून तो बाहेर काढतात. दार आहे म्हणून रेडॉन काही निघून जात नाही.

हे सगळं मी इतकं का लावून धरलं, तर आधीच्या खेपेमुळे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी गेले होते आणि तिसऱ्या महिन्यातच परतले. दादाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाबा पहाटे पाचला उठणार आणि दार वाजेल, पोरं उठतील, म्हणून सात वाजेपर्यंत सोफ्यावर अंधारात बसून राहणार. कुणी काही बोललं नव्हतं. बाबाही बोलले नाहीत. फक्त विमानतळावर मला म्हणाले, "घरी आलो बुवा."

या वेळी मी पण गेले होते. पहिल्याच पहाटे जाग आली, तर खालचं काचेचं दार अर्धवट उघडं. बाबा बाहेर, मफलर, चपला, हातात चहा. खाली एक छोटं सिंक आणि किटली आहे, तेवढ्यावर त्यांचं भागतं. आईचे गुडघे मात्र कुरकुरतातच. स्वयंपाकघर वर, मध्ये १४ पायऱ्या. हे दादाने घर घेताना मोजलं नव्हतं आणि मीही नाही. मग आईनेच तोडगा काढला. दिवसातून दोनदाच वर जायचं, आणि नातवंडांना भेटायचं असेल तर त्यांनी खाली यावं.

आता पाचवा महिना चालू आहे. परवा फोनवर दादा सांगत होता, खालच्या दाराला बेल बसवली. आईने मागितली होती. शेजारच्या काकू बागेतून येतात ना, त्यांना उगाच वरून फेरा पडतो म्हणे.