गेट काढा, मासा वर येतोय

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, दुधना नदीला गढूळ पाणी आलं, की कोल्हापुरी बंधाऱ्यावर गर्दी जमते. मच्छरदाणी, पोतं, जुनी साडी, हाताला लागेल ते घेऊन पोरं भिंतीखाली उभी राहतात. मासा उसळी मारतो, भिंतीवर आपटतो, पुन्हा उसळतो. तासाभरात पिशव्या भरतात. हा चढणीचा मासा. पोटात अंडी घेऊन धारेच्या उलट निघालेला. गाभण शेळी खाटकाला देताना आपल्याकडं माणूस दहा वेळा विचार करतो. या माशाच्या वाट्याला तेवढाही विचार येत नाही.

अशाच चढणीच्या माशासाठी अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये पाडून झाली. नदीकाठच्या युरोक, करुक या आदिवासींनी त्यासाठी कित्येक वर्षं भांडण मांडलं होतं, कारण सॅल्मन मासा हेच त्यांचं अन्न आणि तोच त्यांचा सणवार. त्याच वर्षी ऑक्टोबरात, शंभरहून अधिक वर्षं बंद असलेल्या वरच्या पाण्यात सॅल्मन पोचला. हे वाचून कुणी म्हणेल, आता हा गृहस्थ जायकवाडी धरण पाडायला सांगणार! नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जालना जिल्ह्यानं मोसंबीच्या बागा उभ्या जळताना पाहिल्या, तिथं असं बोलायचं धाडस माझ्यात नाही आणि ते शहाणपणाचंही नाही. आपलं मागणं फार लहान आहे.

आधी एक घोळ निस्तरू. ‘मासा’ म्हटलं की आपल्या सरकारी कागदांत तलाव येतो, ठेका येतो, बीज येतं. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, वाहत्या नदीत वाढलेले. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी यांनी टोचणी देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली आणि देशभर मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. त्यानं अनेक भोई कुटुंबांची चूल पेटली, हे खरंच. पण दुधना, पूर्णा, गिरजा, गोदावरी यांतल्या मरळ, वाम, शिंगट्याचं बीज कुणी विकत आणून सोडत नाही. तो फुकटचा मासा. फुकटचा, म्हणून त्याची कुठं नोंद नाही. नोंद नाही, म्हणून तो संपला तरी कुणाच्या हिशेबात तूट दिसत नाही. ज्याला ना तलावाचा ठेका मिळतो ना ज्याच्या नावावर वावर आहे, त्याच्या ताटातून मात्र तो जातो.

या माशाला दोनच गोष्टी लागतात. आषाढात वर चढायला वाट आणि वैशाखात जीव धरायला डोह.

डोह आपण दोन हातांनी संपवले. एका हातानं वाळू उपसली. वाम वाळूत, दगडांच्या कपारीत दडते. वाळू गेली की तिचं घर गेलं, आणि वाळूत मुरून राहणारं पाणीही गेलं. दुसऱ्या हातानं नदी ‘सुधारली’. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं. खोलीकरणानं विहिरींना पाणी वाढल्याचं अनेक शेतकरी सांगतात, ते मी नाकारत नाही. पण पोकलेनला डोह आणि उथळ यांतला फरक कळत नाही. सगळी नदी एका मापाची चर होते, काठावरची लव्हाळी निघते. मरळ अशाच गवताळ काठाला अंडी घालते, पिलांच्या थव्याभोवती राखण करत फिरते. सरळसोट चरीत ती राखण करणार कुठं?

आता वाट. गोदावरीवर पैठणच्या खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे ओळीनं उभे आहेत. त्यांची दारं कधी उचलायची हे पाण्याच्या हिशेबानं ठरतं. त्या हिशेबात पहिल्या पुराचे दिवस माशासाठी धरावेत. छोट्या नद्यांवर तर नवा नियमही नको. कोल्हापुरी बंधाऱ्याचे गेट पावसाळा सरताना टाकायचे आणि मृगाआधी काढायचे, ही मूळ रीतच आहे. गेट चोरीला गेले की बातमी होते. वेळेवर काढले नाहीत तर होत नाही. ‘काढले आणि पाऊस लांबला तर?’ असं शेतकरी विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण जूनच्या तोंडावर आपले बहुतेक बंधारे कोरडे ठाक असतात. रिकाम्या रांजणाचं झाकण काढल्यानं पाणी सांडत नाही.

उरला डोह. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. जालन्याच्या नद्यांना असा देव आता कुठून आणायचा? पण ग्रामसभा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समितीही सांगितली आहे. बऱ्याच ठिकाणी ती फक्त फलकावर असते. तिनं नदीतला एक डोह राखावा: तिथं वाळूला हात नाही, जाळं नाही, पोकलेन नाही. कुठला डोह वैशाखातही आटत नव्हता, हे गावातल्या म्हाताऱ्या भोयाला विचारा. त्याच्याइतका नदीचा नकाशा कुठल्याच कार्यालयात नाही. आणि पहिल्या पुरात पंधरा दिवस बंधाऱ्याखाली कुणी जाळं लावायचं नाही, एवढा ठराव करायला पैसाही लागत नाही. समुद्रावरची मासेमारी पावसाळ्यात साधारण दोन महिने बंद असते. नदीला पंधरा दिवस जड होऊ नयेत.

मृगाआधी आपल्या गावच्या बंधाऱ्यावर एक चक्कर मारा. गेट अजून खाली असले, तर विचारणा तुम्हालाच करावी लागेल. मासा अर्ज करत नाही.