झाड आडवे काढा

ठाण्याच्या कोपरीतल्या ज्या घरात कुणाला जातीचा दाखला काढावा लागला आहे, त्या घराला संगणकशास्त्रातली ‘ट्री’ वेगळी शिकवावी लागत नाही. खापरपणजोबा सर्वांत वर, खाली मुले, त्यांच्याखाली नातवंडे: अर्जाबरोबर द्यायची वंशावळ म्हणजे ट्रीच. वर्गात फळ्यावर बायनरी ट्री येते तेव्हाही मूळ वर आणि पाने खालीच असतात. कागदावर हे छान जमते. कोडमध्ये मराठी नावे घालून तसेच काढू गेले, की विस्कटते.

कोडच्या कॉमेंटमध्ये झाड काढण्याची रीत मुळात चांगली. अदेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ साली मांडलेल्या एव्हीएल ट्रीतले रोटेशन नुसता कोड वाचून डोक्यात शिरत नाही. आधीचे आणि नंतरचे झाड शेजारी शेजारी दिसले की शिरते. चित्राची वेगळी फाइल हरवते, कॉमेंट कोडसोबत राहते.

पण उभे झाड प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेणार हे गृहीत धरते. देवनागरी ते मानत नाही. पायथनला ‘कोपरी’ची लांबी विचारा, उत्तर ५. ‘डोंबिवली’ची ८, ‘लक्ष्मी’ची ७! काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळे सुटे मोजले जाते. पडद्यावर ते एकमेकांत मिसळून दिसते, आणि त्याला किती रुंदी द्यायची हे प्रत्येक एडिटर आपल्या मर्जीने ठरवतो. हाताने स्पेस देऊन जुळवलेली वंशावळ दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, की नातू भलत्याच काकाच्या खाली जाऊन बसतो.

आडव्या झाडात रेघा आधी, नाव शेवटी. नाव कितीही रुंद असो, पुढे बिघडायला काही उरतच नाही:

ठाणे
├── पूर्व
│   ├── कोपरी
│   └── चेंदणी कोळीवाडा
└── पश्चिम
    ├── नौपाडा
    └── चेंदणी कोळीवाडा

(कोळीवाडा दोनदा आला ही चूक नव्हे. रुळांनी त्याचे दोन भाग केले, आणि ट्रीमध्ये अपत्याला पालक एकच. गावे अशी सरळ वागत नाहीत.)

या रेघा १९८१ च्या आयबीएम पीसीतही होत्या. आज युनिकोडमध्ये अशी १२८ चिन्हे आहेत. आडव्या झाडात उणे एकच: बायनरी ट्रीत एकुलते अपत्य डावे की उजवे, हे कळत नाही. तिथे नावाआधी ‘डा’ किंवा ‘उ’ लिहावे, प्रश्न मिटतो.

पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या खुशाल उभ्या राहू देत. कोडमध्ये मराठी नावे असतील, तर झाड आडवेच काढावे. आणि प्रात्यक्षिक तपासताना त्या कॉमेंटलाही दोन गुण ठेवावेत, एवढी प्राध्यापकांना विनंती.